भय, प्रचार आणि विश्वास : ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’चे पुनर्वाचन

जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी ८ जून १९४९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या आठ महिन्यांच्या आत, २१ जानेवारी १९५० रोजी, तिचा लेखक क्षयाने निवर्तला. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत या कादंबरीवर इतके लिहिले गेले आहे की आणखी एका लेखाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. ही कादंबरी आपल्याकडे पदवी व पदव्युत्तर वर्गांतून वर्षानुवर्षे शिकवली जाते आणि शिकवता शिकवता आपण तिचे एक ठरीव सूत्र करून टाकले आहे, हेच ते प्रयोजन. उत्तरपत्रिका तपासताना ते सूत्र दर दुसऱ्या गठ्ठ्यात भेटते : सत्ता प्रचाराने लोकांना फसवते आणि जे फसत नाहीत त्यांना भयाने गप्प करते. म्हणजे प्रचार भोळ्यांसाठी आणि भय शहाण्यांसाठी. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपल्याच टिपणांतून ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तसेच शिकवले आहे.

परंतु हे सूत्र प्रमाण मानले तर कादंबरीतील दोन व्यक्ती अनाकलनीय ठरतात. पहिली व्यक्ती म्हणजे पार्सन्स. स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीने विचार-पोलिसांकडे चुगली केल्यामुळे तो कोठडीत येऊन पडतो आणि तिच्याविषयी अभिमानाने बोलतो. दुसरी व्यक्ती खुद्द नायक विन्स्टन स्मिथ. त्याला सत्तेचा खोटेपणा पुरता ठाऊक आहे, तरीही तो खोटेपणा स्वतःच्या हाताने घडवताना तो रमून जातो. पार्सन्सला केवळ भोळा म्हणून भागत नाही आणि विन्स्टनला केवळ भयभीत म्हणूनही भागत नाही. माझे प्रतिपादन असे की, सर्वंकष सत्तेखाली प्रचाराचे मुख्य काम पटवून देण्याचे नसते. घाबरलेल्या माणसाला आपले भय स्वतःपासून लपवण्यासाठी एखादे प्रतिष्ठित नाव हवे असते. प्रचार ते नाव पुरवतो आणि त्या नावालाच पुढे विश्वासाचे रूप येते. ऑर्वेलला हे स्पष्ट दिसले होते. मात्र कादंबरीच्या तिसऱ्या भागात त्याने स्वतःच त्यावर पडदा ओढला, असेही मला वाटते.

ऑर्वेल आणि प्रचाराचे काम

ऑर्वेलला प्रचार बाहेरून ठाऊक होता असे नव्हे. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात तो ‘बीबीसी’च्या पौर्वात्य विभागात नोकरीस होता आणि त्याचे श्रोते प्रामुख्याने हिंदुस्थानातले होते. युद्धाच्या बातम्यांवरील साप्ताहिक भाष्ये तो इंग्रजीत लिहीत असे व त्यांपैकी काही मजकूर भारतीय भाषांत, मराठीतही, भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत असे. ‘इन ट्रान्झिट’ या कादंबरीच्या लेखिका वेणू चितळे त्या विभागात त्याच्या सहकारी होत्या. महाराष्ट्रातील एखाद्या घरात रेडिओभोवती बसून ऐकलेले शब्द मुळात ऑर्वेलच्या टंकलेखन यंत्रातून उतरलेले असण्याची शक्यता आहे, हे आपल्या वर्गांतून क्वचितच सांगितले जाते.

‘बीबीसी’ सोडताना त्याची तक्रार कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या मताविरुद्ध काही बोलण्यास आपणांस कोणी भाग पाडले नाही, हे त्याने मान्य केले. ज्या कामातून काहीच निष्पन्न होत नाही अशा कामात आपला वेळ आणि जनतेचा पैसा व्यर्थ जात आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. ब्रिटिश प्रसारण संस्था आणि सत्य मंत्रालय यांची सरसकट बरोबरी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र त्या दोन वर्षांत त्याला एक गोष्ट जवळून पाहता आली. प्रचाराचा मजकूर तयार करणारी माणसे सामान्यतः दुष्ट नसतात. ती कारागीर असतात, आणि कारागिराला आपले काम सफाईने व्हावे असे वाटते.

विन्स्टनच्या स्वभावात हाच धागा आहे. सत्य मंत्रालयाच्या अभिलेख विभागात बसून तो जुन्या वृत्तपत्रांतील मजकूर नव्या गरजेप्रमाणे बदलतो. निवेदक आपल्याला सांगतो की त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आनंद या कामात होता. एका सकाळी त्याच्यापुढे एक अवघड काम येते. ज्या व्यक्तीचा गौरव पूर्वी छापला गेला ती आता नाहीशी केली गेली आहे. त्या जागी दुसरे काहीतरी भरायचे आहे. विन्स्टन कॉम्रेड ओगिल्वी नावाचा, कधीच अस्तित्वात नसलेला एक हुतात्मा कल्पनेतून निर्माण करतो. या ओगिल्वीचे चरित्र रचताना तो एक तपशील घालतो : वयाच्या अकराव्या वर्षी त्याने आपल्या चुलत्याचे बोलणे चोरून ऐकून विचार-पोलिसांना कळवले.

या तपशिलाकडे समीक्षकांचे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही. ओगिल्वीचे प्रकरण सहसा ‘इतिहासाचे विकृतीकरण’ या शीर्षकाखाली उदाहरणादाखल येते आणि तेथेच संपते. परंतु याच कादंबरीच्या तिसऱ्या भागात पार्सन्सची मुलगी किल्लीच्या भोकाशी कान लावून बापाचे झोपेतले बरळणे ऐकते व पहारेकऱ्यांना जाऊन सांगते. ज्या कथा ऐकत ती मुलगी वाढली, तशी एक कथा विन्स्टनने स्वतः, मन लावून, लिहिलेली आहे. एका सकाळच्या करमणुकीचे फळ शेजारच्या घरात उगवते. ऑर्वेलने या दोन प्रसंगांना जोडणारे एक वाक्यही लिहिलेले नाही, आणि तो संयमच मला या कादंबरीतील सर्वांत परिपक्व कलात्मक निर्णय वाटतो.

अशा कथा कल्पनेतल्या नव्हत्या. सप्टेंबर १९३२ मध्ये उरल प्रदेशातील गेरासिमोव्हका या गावी पावलिक मोरोझोव्ह नावाचा मुलगा मारला गेला. त्याने आपल्या बापाविरुद्ध अधिकाऱ्यांकडे साक्ष दिली म्हणून नातलगांनी त्याचा खून केला, अशी कथा सोव्हिएत वृत्तपत्रांनी व बालसंघटनांनी रचली व दशकानुदशके जपली. त्याचे पुतळे उभारले गेले, शाळांना त्याचे नाव दिले गेले. त्या कथेतील बहुतेक तपशील संशयास्पद असल्याचे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. कथा खरी नव्हती याहून, तिचा परिणाम घरातल्या माणसांच्या एकमेकांकडे पाहण्यावर झाला, हे अधिक महत्त्वाचे. ‘मुलांसमोर बोलू नका’ ही सूचना ज्या घरात द्यावी लागते, त्या घरात प्रचार आणि भय हे दोन विषय राहत नाहीत.

द्वेष-सप्ताहाचा प्रसंग यापुढचा आहे. भाषण चालू असतानाच शत्रुराष्ट्र बदलते. वक्ता वाक्य न तोडता नाव बदलतो. जमाव चुकीची भित्तिपत्रके फाडून टाकतो व हे घातपात्यांचे कारस्थान असे स्वतःला सांगतो. हा प्रसंग वाचताना विद्यार्थी हसतात. त्यांना अतिशयोक्ती वाटते. अशा वेळी मी ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या चित्रपटाची हकीकत सांगतो. जर्मन सरदारांच्या आक्रमणाविरुद्धचा आइझेनस्टाइनचा हा चित्रपट १९३८ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन-हिटलर करार होताच तो पडद्यावरून काढून घेण्यात आला. आणि जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर पुन्हा दाखवण्यात आला. चित्रपटातील एक फूटही फीत बदललेली नव्हती. प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी काय मानायचे ते बरोबर ओळखले. आणि या सप्ताहात विन्स्टन काय करतो? अभिलेख विभागात पाच दिवस जवळजवळ न झोपता सारे जुने लेख दुरुस्त करतो. आपण लिहितो तो शब्द न् शब्द खोटा आहे याचे त्याला काहीच वाटत नाही. खोटेपणा बेमालूम वठावा एवढीच त्याला चिंता. ज्युलियावर प्रेम करणारा, बंडाची शपथ घेऊ पाहणारा विन्स्टन तो हाच.

ज्युलियाचे न मानणे

प्रचार म्हणजे फसवणूक, या समजाला सर्वांत मोठा धक्का ज्युलिया देते. ती फसलेली नाही. लंडनवर पडणारे अग्निबाण लोकांना घाबरवत ठेवण्यासाठी सरकारच सोडत असावे, असे ती सहज बोलून जाते. विन्स्टनला हे कधी सुचलेलेही नसते. तीच ज्युलिया विमानाचा शोध पक्षाने लावला हे शाळेत शिकलेले वाक्य मात्र खरे मानते, आणि चारच वर्षांपूर्वी शत्रू कोण होता हे तिच्या लक्षात नाही. विन्स्टन ते दाखवून देतो तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटत नाही. खरे-खोटे काही असो, आपल्याला काय फरक पडतो?

येथे ऑर्वेलची दृष्टी हाना आरेन्टच्या निष्कर्षाच्या जवळ येते. आरेन्टचा ‘द ओरिजिन्स ऑफ टोटॅलिटेरियनिझम’ हा ग्रंथ कादंबरीनंतर दोन वर्षांनी, १९५१ मध्ये आला. सर्वंकष सत्तेला कट्टर अनुयायी फारसे उपयोगी पडत नाहीत. वस्तुस्थिती आणि बनावट यांतील भेदच ज्याच्या लेखी उरलेला नाही असा माणूस तिला हवा असतो, हा तिच्या विवेचनाचा गाभा आहे. ज्युलियाचा बेफिकीरपणा अनेक वाचकांना स्वातंत्र्याचे लक्षण वाटतो. मला तो सत्तेच्या विजयाचाच एक प्रकार वाटतो. तथापि ज्युलियाच्या या व्यक्तिरेखेला ऑर्वेलने तिच्या शरीरापलीकडे फारसे वाढू दिले नाही, ही जुनी तक्रारही येथे नोंदवली पाहिजे.

पार्सन्स

आता पार्सन्सकडे वळू. व्हिक्टरी मॅन्शन्समधला हा घामट, गोलमटोल, सतत वर्गण्या गोळा करणारा शेजारी विन्स्टनच्या तुच्छतेचा विषय आहे, आणि विन्स्टनच्या डोळ्यांनीच पाहत असल्यामुळे वाचकाच्याही. आदल्या दिवशी चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीसवर आणल्याचे जाहीर होते. दुसऱ्या दिवशी तो वाढवून वीस केल्याबद्दल आभार मानले जातात. पार्सन्स ते विनासायास गिळतो. विन्स्टनच्या लेखी हा निव्वळ मूर्खपणा. आपणही तसेच मानून पुढे जातो.

पण पार्सन्सच्या घराचे जे एक चित्र कादंबरीत आहे ते मूर्खाच्या घराचे नाही, घाबरलेल्या घराचे आहे. तुंबलेले मोरीचे पाणी काढायला विन्स्टन तेथे जातो तेव्हा मुले त्याच्यावर खेळण्यातले पिस्तूल रोखून त्याला देशद्रोही ठरवतात, आणि त्याला मुलांहून अधिक लक्षात राहते ती त्यांच्या आईच्या चेहऱ्यावरची असहाय भीती. त्या घरात बाप आपल्या मुलांच्या हेरगिरीच्या गोष्टी कौतुकाने सांगत हिंडतो. मुलांची भीती वाटते असे म्हणणे त्याला शक्य नाही. अभिमान वाटतो असे म्हणणे शक्य आहे. रोज तसे म्हणत गेल्यावर अभिमान खराच वाटू लागतो. आणि दिवसभर ज्या गोष्टीला त्याने थारा दिला नाही ती रात्री झोपेत त्याच्या तोंडून बाहेर पडते : बिग ब्रदरचा धिक्कार. पार्सन्स मूर्ख असता, त्याचा विश्वास साधासरळ असता, तर झोपेत तो हे बोलला नसता.

कोठडीत तो म्हणतो त्याचा आशय असा की, रोग फार बळावण्याआधी आपल्याला पकडले हे बरेच झाले. याला नुसते विनोदी म्हणता येत नाही. आपल्याच मुलीने आपल्याला मरणाच्या दारी लोटले, हे सत्य त्याच्यापुढे आहे. त्या सत्यासह जगण्याचा एकच मार्ग त्याला उपलब्ध आहे : ती योग्य वागली, आपणच आजारी होतो. भय, लाज आणि पितृप्रेम या तिन्हींना सामावून घेईल असे वाक्य त्याला फक्त प्रचाराने दिलेले आहे.

चेक नाटककार वाक्लाव हावेल याने १९७८ मध्ये लिहिलेल्या ‘द पॉवर ऑफ द पॉवरलेस’ या निबंधातील भाजीविक्रेता या संदर्भात आठवतो. कांदे आणि गाजरे यांच्यामध्ये तो जगातील कामगारांच्या ऐक्याची घोषणा लावून ठेवतो. घोषणेच्या मजकुराशी त्याला काही कर्तव्य नाही. ती लावली नाही तर त्रास होईल, हे त्याला ठाऊक आहे. हावेलचे मर्मभेदक निरीक्षण पुढे आहे. ‘मी भितो, म्हणून मुकाट्याने ऐकतो’ अशी पाटी लावायला सांगितली असती तर त्या माणसाला लाज वाटली असती. उदात्त घोषणेमुळे त्याच्या आज्ञाधारकपणाचे हलके कारण झाकले जाते, इतरांपासून आणि स्वतःपासूनही. हावेल ज्याचे विवरण करतो तेच ऑर्वेलने तीस वर्षांपूर्वी एका हास्यास्पद शेजाऱ्याच्या रूपाने उभे केले होते. फरक असा की, हावेलचा भाजीविक्रेता घोषणेवर विश्वास ठेवत नाही, पार्सन्स ठेवतो. १९३७ चा मॉस्को आणि १९७८ चे प्राग यांत भयाच्या प्रमाणाचा फरक होता. सोव्हिएत सुरक्षा खात्याच्या स्वतःच्याच नोंदींनुसार १९३७ व १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८१ हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला. प्रांताप्रांताला किती माणसे पकडायची याचे कोटे ठरवून देण्यात आले होते. इतके भय असेल तर खोटी घोषणा नुसती खिडकीत लावून चालत नाही, ती आत नेऊन ठेवावी लागते.

दोन रोजनिश्या

येथे कादंबरीच्या मध्यवर्ती कल्पनेविषयीच शंका घेणे भाग आहे. विन्स्टन टेलिस्क्रीनच्या नजरेआड बसून रोजनिशी लिहितो. ती त्याची एकमेव मोकळी जागा आहे. बाहेर खोटे, वहीत खरे; बाहेर सत्ता, आत माणूस. हे चित्र आपल्याला मनोमन आवडते, कारण आपल्या आतही असा एक अभंग कोपरा आहे अशी आपली समजूत असते.

स्टालिनच्या काळातील प्रत्यक्ष रोजनिश्या सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अभ्यासकांच्या हाती येऊ लागल्या. त्यांपैकी स्तेपान पोदलुब्नी या तरुणाची रोजनिशी जर्मन इतिहासकार योखेन हेलबेक यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. पोदलुब्नी १९१४ मध्ये युक्रेनमधील एका खेड्यात जन्मला. वडिलांना ‘कुलाक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून हद्दपार केल्यावर आईसह तो मॉस्कोत आला आणि कामगाराचा मुलगा अशी बतावणी करून ‘प्रावदा’च्या छापखान्यात कामाला लागला. आपले मूळ कधी उघडे पडेल ही भीती त्याला रात्रंदिवस होती. गुप्त पोलिसांनी त्याला खबऱ्या म्हणूनही राबवले. असा मुलगा गुप्तपणे वही लिहितो, तर त्यात काय लिहील? ऑर्वेलच्या हिशेबाने सत्तेचा द्वेष. प्रत्यक्षात ती रोजनिशी स्वतःची झाडाझडती आहे. आपल्या मनात शंका का येतात, इतर तरुण निर्मळ असताना आपल्यातच हा जुन्या वर्गाचा मळ कसा राहिला, आपण खरे सोव्हिएत माणूस कधी होणार, हे प्रश्न तो स्वतःला विचारत राहतो. सत्तेने त्याच्या कुटुंबावर जो शिक्का मारला होता तो तो स्वतःच्या अंतरंगावर मारून पाहतो. विन्स्टन वहीचा उपयोग शंका जपण्यासाठी करतो. पोदलुब्नी ती खरवडून काढण्यासाठी.

हेलबेक यांच्या मते असे लेखक नुसते भयग्रस्त नव्हते. नवा माणूस घडवण्याच्या त्या काळाच्या स्वप्नात ते मनापासून सहभागी होते. त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. शिक्षण, नोकरी, शहर, वर्तमानपत्रातले भविष्य, यांची ओढ खरी होती. पण भय वजा केले तर ही रोजनिशी लिहिलीच गेली नसती, असे मला वाटते. ज्याला काही लपवायचे नाही त्याला स्वतःचे इतके शुद्धीकरण करावे लागत नाही. १९३७ च्या अखेरीस पोदलुब्नीच्या आईला मूळ लपवल्याबद्दल अटक झाली आणि त्यानंतर त्याच्या लेखनाचा सूर बदलला. आत्मशुद्धीची भाषा ओसरली. व्यवस्थेविषयीची कटुता उघड दिसू लागली. जे नाव भयाला झाकत होते ते त्या एका घटनेपुढे अपुरे पडले.

कात्री कोणाच्या हातात?

कादंबरीत भूतकाळ पुसण्याचे काम सरकारी खाते करते. नको असलेले कागद ‘मेमरी होल’मध्ये जातात. ही कल्पना इतकी प्रभावी आहे की प्रत्यक्षात हे काम पुष्कळदा कोण करत असे, याचा आपल्याला विसर पडतो. लाव्हरेन्ती बेरिया याला डिसेंबर १९५३ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ‘बृहत् सोव्हिएत विश्वकोशा’च्या पाचव्या खंडात त्याच्यावर छायाचित्रासह सविस्तर नोंद होती व तो खंड वर्गणीदारांच्या कपाटात जाऊन बसला होता. १९५४ च्या आरंभी वर्गणीदारांना एक पाकीट आले. त्यात बेरिंग समुद्र व इतर विषयांवरील वाढवलेली पाने होती आणि जुनी पाने कात्रीने वा पात्याने कापून त्या जागी ही नवी चिकटवावीत अशी सूचना होती. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ही घटना गमतीने सांगितली जाते. मला त्यातली कात्री महत्त्वाची वाटते. कापणारा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पैशाने घेतलेले पुस्तक कापतो आहे.

त्याहूनही अस्वस्थ करणारे उदाहरण अलेक्झांडर रोदचेन्को या थोर चित्रकार-छायाचित्रकाराचे. उझबेकिस्तानच्या दहा वर्षांच्या प्रगतीवर १९३४ मध्ये निघालेल्या ग्रंथाची मांडणी त्याने केली होती. पुढे त्यातील अनेक नेते स्टालिनच्या शुद्धीकरणात बळी पडले. रोदचेन्कोच्या स्वतःच्या प्रतीत त्यांचे चेहरे काळ्या शाईने माखलेले आढळले. डेव्हिड किंग याने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ती पाने छापली आहेत. चेहऱ्यांच्या जागी काळे डाग, टोप्या आणि गणवेश मात्र तसेच. ज्या हाताने ती पाने सजवली त्याच हाताने ती बुजवली. ऑर्वेलच्या टेलिस्क्रीनखाली बसलेल्या विन्स्टनहून हा माणूस अधिक एकटा आहे, कारण त्याच्या खोलीत टेलिस्क्रीन नाही.

भाषेच्या बाबतीतही ऑर्वेलचे चित्र असेच यंत्रणेकडे झुकलेले आहे. त्याची ‘न्यूस्पीक’ शब्द कमी करत जाते. शब्द उरला नाही की विचार उरणार नाही, असा भाषापंडित साइमचा सिद्धान्त. याउलट व्हिक्टर क्लेम्पेरर या ड्रेस्डेनच्या प्राध्यापकाने नाझी राजवटीत टिपून ठेवलेली निरीक्षणे १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आली, त्यांत शब्द नाहीसे झालेले नाहीत. जुनेच शब्द नव्या मोलाने फिरू लागले आहेत. धर्मवेडा अशा निंदाव्यंजक अर्थाचा शब्द शौर्य आणि निष्ठेची स्तुती म्हणून वापरला जाऊ लागला. क्लेम्पेरर जन्माने ज्यू. १९३५ मध्ये त्याची प्राध्यापकी गेली होती. आपल्या छळकर्त्यांचे शब्द आपल्या ओळखीचे ज्यू लोकही नकळत वापरतात, ही त्याची नोंद भाषेच्या अध्यापकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. तेथे कोणी शब्दकोश कापला नव्हता.

विश्वासाची मर्यादा

एवढे म्हटल्यावर उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपणही ऑर्वेलच्या ओब्रायनप्रमाणे सत्तेला सर्वशक्तिमान मानून बसू. ६ जानेवारी १९३७ रोजी सोव्हिएत संघात जनगणना झाली. तीत धर्मश्रद्धेविषयीचा प्रश्न होता. वीस वर्षांचा धर्मविरोधी प्रचार, पाडलेली चर्चे, हद्दपार झालेले धर्मगुरू, आणि मोठ्या दहशतीचे ते वर्ष. अशा वेळी, नाव लिहून घेणाऱ्या गणकासमोर, सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांनी आपण श्रद्धाळू असल्याचे सांगितले. एकूण लोकसंख्याही सत्तेने सांगितल्यापेक्षा बरीच कमी भरली. जनगणना रद्द झाली, ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ च्या जनगणनेतून धर्माचा प्रश्नच वगळला गेला.

या आकड्यापुढे ऑर्वेलने केलेले ‘प्रोल’ लोकांचे चित्रण फार तोकडे वाटते. ओशनियाच्या लोकसंख्येतील पंच्याऐंशी टक्के माणसांना तो दारू, लॉटरी आणि गाण्यांत गुंतलेली, जवळजवळ विचारशून्य दाखवतो. विन्स्टनला त्यांच्याविषयी आशा वाटते, पण ती आशा दुरून पाहणाऱ्याची आहे. १९३७ मध्ये गणकासमोर ‘होय’ म्हणणारी खेड्यातली म्हातारी त्याच्या कादंबरीत कोठेच नाही. तिच्यापाशी सत्तेबाहेरचे एक नाव आधीच होते. भयाला तिनेही तोंड दिले. पण ते झाकण्यासाठी तिला पक्षाकडून शब्द उसना घ्यावा लागला नाही.

शेवटी एकशे एक क्रमांकाच्या खोलीचा प्रश्न. ओब्रायन विन्स्टनला छळतो तो त्याने मुकाट ऐकावे म्हणून नव्हे, त्याला आतून पटावे म्हणून. दोन आणि दोन पाच हे नुसते म्हणून चालत नाही, ते दिसले पाहिजे. या समीकरणाचा एक उगम सोव्हिएत प्रचारातच आहे : पंचवार्षिक योजना चार वर्षांत पुरी करण्याच्या घोषणेसाठी ते भित्तिपत्रकांवर झळकत असे, आणि यूजीन लायन्सच्या ज्या पुस्तकात त्याचे वर्णन आहे त्याचे परीक्षण ऑर्वेलने १९३८ मध्ये केले होते. मॉस्कोतील रस्त्यावर ते समीकरण उत्साहाचे होते. कादंबरीत ते छळाच्या यंत्राला जोडले गेले. या बदलाने कादंबरीला तिचा भयंकर उत्कर्षबिंदू मिळाला यात शंका नाही. परंतु त्यामुळे असाही समज पक्का झाला की विश्वास घडवण्यासाठी सत्तेला प्रत्येक मनापर्यंत स्वतः जावे लागते, उंदरांचा पिंजरा घेऊन. चेस्लाव्ह मिवोश याने ‘द कॅप्टिव्ह माइंड’ या १९५३ च्या ग्रंथात म्हटले आहे की, रशियात कधी न राहिलेल्या माणसाला तेथील जीवन इतके अचूक कसे कळले, याचे पूर्व युरोपातील वाचकांना आश्चर्य वाटे. मिवोशचे हे आश्चर्य पहिल्या भागातील कँटीन, शिधा आणि शेजाऱ्यांविषयी खरे आहे. तिसऱ्या भागाविषयी मी ते इतक्या सहज म्हणणार नाही. मिवोश ज्या लेखकांची चरित्रे सांगतो त्यांना कोणी त्या खोलीत नेले नव्हते.

या लेखाच्या निमित्ताने कोठडीचा प्रसंग पुन्हा वाचला. पार्सन्स आत येतो, रडतो, आपण दोषीच आहोत असे सांगतो, मुलीची वाखाणणी करतो, मग कोपऱ्यातल्या शौचपात्रावर बसतो आणि विन्स्टन तोंड झाकून घेतो. थोड्या वेळाने त्याला बाहेर नेले जाते. कोठे, ते लेखक सांगत नाही. पुन्हा त्याचा उल्लेखही येत नाही. विन्स्टनला जेथे आणण्यासाठी ओब्रायनला पुढची शंभर पाने लागतात, तेथे पार्सन्स अटकेपूर्वीच आपल्या घरी, मोरीशेजारच्या त्या खोलीत, मुलांच्या सोबतीने जाऊन पोहोचलेला होता.